कडूपणा गेला म्हणजे विष गेलं असं नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रस्त्याकडेचे ऑलिव्ह वेचून घरी मुरवण्याबद्दलचा लेख वाचला. भाषा गोड आहे, फोटो त्याहून गोड आहेत. पण त्यातली तीन-चार वाक्यं अशी आहेत की ती तशीच राहिली, तर एखाद्या घरात दवाखान्याची धावपळ होईल. म्हणून हे पत्र. लांबेल, आधीच सांगते. कात्री चालवायचीच झाली तर माझ्या गप्पांवर चालवा, मिठाच्या आकड्यांवर नको.

वय सांगत नाही, नोकरी सांगते. ज्युनियर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, आता निवृत्त. बारावीच्या मुलांसाठी टायट्रेशनची द्रावणं तयार करण्यात आयुष्य गेलं. मुलगी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला असते. तिच्याकडे राहिले असताना ऑलिव्ह झाडावरून उतरवण्यापासून बरणीत घालण्यापर्यंतचं सगळं या हातांनी केलंय. तिथे ही झाडं बागांतून, फुटपाथला, टेकड्यांच्या उतारावर आपल्याकडच्या सुबाभळीसारखी माजली आहेत. पक्षी बिया नेऊन टाकतात, झाडं उगवतात, आणि तिथल्या सरकारने रानात वाढलेल्या ऑलिव्हला चक्क तण ठरवलंय. मे-जूनमध्ये, म्हणजे त्यांच्या थंडीच्या तोंडाशी, जुन्या चादरी झाडाखाली पसरून फळं झोडपणारी इटालियन आणि ग्रीक म्हातारी माणसं दिसतात. तेव्हा लेखातला वेचण्याचा भाग खोटा नाही. फक्त तो अ‍ॅडलेडचा आहे, बेलापूरचा नाही.

लेखिकेने वाचकांना सांगितलंय की आपल्या आसपास नजर टाका, ऑलिव्ह सापडतील. कुठे सापडणार? ऑलिव्हला मोहोर धरायला हिवाळ्यात चांगली थंडी लागते. राजस्थानात इस्रायलच्या मदतीने लागवड झाली तीसुद्धा बिकानेरसारख्या भागात, जिथे डिसेंबर-जानेवारीत पारा खाली जातो. आपल्याकडे जानेवारीत एखादी पहाट गार पडली की आपण स्वेटर काढतो, तेवढ्याने ऑलिव्ह फसत नाही. नवी मुंबईत एखाद्या बंगल्याच्या कुंडीत शोभेचं रोप दिसेल. फळांनी लगडलेलं झाड मला ठाण्यापासून पनवेलपर्यंत कधी दिसलेलं नाही, आणि हवामान पाहता दिसेल असं वाटतही नाही.

ऑलिव्हचे नातेवाईक मात्र आपल्या दारात आहेत, आणि ते कळल्यावर मला भारी गंमत वाटली होती. मोगरा, जाई, जुई, पारिजातक हे सगळं ऑलिव्हचंच कूळ. सख्खा म्हणावा असा भाऊ माथेरान-महाबळेश्वरच्या जंगलात उभा आहे, त्याला पारजांब म्हणतात. पण त्याची फळं बारीक असतात, बरणी भरायला कोणी ती काढत नाही.

मग लोकांना 'ऑलिव्ह' म्हणून दिसतं काय? पहिलं पुत्रंजीव. रस्त्याच्या कडेला लावलेलं हे सदाहरित झाड, पानं गडद, फळ लांबट, राखट हिरवं, हुबेहूब ऑलिव्ह. ते खायचं फळ नव्हे, त्याच्या बियांच्या माळा करतात. दुसरी निंबोळी, तिच्यात फसण्यासारखं काही नाही, एक दाताखाली आली की कळतं. तिसरी बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. खरं हे पत्र तिच्यासाठीच आहे.

लेख आल्यानंतर दोनच दिवसांनी आमच्या खालच्या मजल्यावरची सूनबाई स्टीलचा डबा घेऊन वर आली. "काकू, ऑलिव्ह! बागेच्या कुंपणामागे पडलेत नुसते." डबा उघडला तर आत बिट्ट्या. हिरव्यागार, तकतकीत, मधोमध एक धार उमटलेल्या, देठाशी पांढरा चीक सुकून चिकटलेला. दोन-चार पिकून काळ्या पडलेल्या, तर त्या काळ्यांकडे बोट दाखवून म्हणते कशी, "हे बघा, पिझ्झ्यावरचे." मुलगी हुशार आहे, बँकेत नोकरी करते. लेखातले फोटो मोबाइलवर शेजारी धरून तिने फळं जुळवली होती, आणि फोटोत ती खरंच तशी दिसत होती. मी तिला हात साबणाने धुवायला लावले आणि डबा बाजूला घेतला.

बिट्टीच्या झाडाचा कुठलाच भाग खाण्याचा नाही, आणि बी तर अजिबातच नाही. त्यात थेवेटीन आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात. ती थेट हृदयावर काम करतात. हृदयरोग्यांना मोजून-मापून देतात त्या डिजॉक्सिनच्या वर्गातली ही द्रव्यं, इथे मात्र मोजमाप काही नाही. उलट्या होतात, नाडी मंदावते, ठोके बिघडतात. कोणाच्या पोटात गेली असेल तर घरगुती उपाय करत बसू नये, फळ सोबत घेऊन सरळ मोठ्या इस्पितळात जावं. आमच्या लहानपणी मुली बिट्टीच्या बियांनी खेळायच्या, म्हणून ती अनेकांना निरुपद्रवी वाटते. खेळायचो आम्ही, खात नव्हतो. घरात शिरण्याआधी आजी हात धुवायला लावायची.

आता लेखातल्या ज्या विधानाने माझी झोप उडाली त्याकडे येते. त्याचा आशय असा, की निसर्गातलं कोणतंही कडू फळ मिठाच्या पाण्यात पुरेसे दिवस ठेवलं की खाण्याजोगं होतं. महोदय, हे साफ चूक आहे. ताज्या ऑलिव्हचा कडूपणा ओल्युरोपीन नावाच्या एका द्रव्यामुळे असतो. ते पाण्यात विरघळतं, बरणीत वाढणारे जीवाणूही त्याचे तुकडे करतात, आणि मुख्य म्हणजे ते विष नव्हे. ते निघून गेलं की मागे उरतो तो चांगला तेलकट गर. ही ऑलिव्हची गोष्ट झाली. बिट्टीतली द्रव्यं ऑलिव्हच्या नियमाने वागतील असं मानायला कसलाही आधार नाही. जीभ कडूपणा ओळखते, हृदयावर काय परिणाम होईल ते तिला कळत नाही. शिवाय मिठाने आणि लसणाने चव झाकली, की जिभेचा उरलासुरला पहाराही उठला.

कोणी म्हणेल, चीक पाहून ओळखावं. तेही चालत नाही. हिरवं करवंद तोडलं की त्यालाही पांढराच चीक येतो, आणि करवंदाचं लोणचं आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय. झाड ओळखणाऱ्या माणसाने झाडाखाली उभं राहून, पान-फूल-फळ तिन्ही पाहून सांगितलं तरच फळ घरात आणावं. मोबाइलवर फोटो जुळवून नाही.

आता मीठ. लेखात 'दोन मुठी' आहे. कोणाच्या मुठी? माझी मूठ आणि आमच्या ह्यांची मूठ यांत फरक आहे. त्यात एकाने खडे मीठ घेतलं आणि दुसऱ्याने पाकिटातलं बारीक, तर तीच वाटी भरूनही वजन वेगळं येतं, कारण खड्यांमध्ये हवा राहते. मिठाचं पाणी वजनाने करायचं असतं. अख्ख्या ऑलिव्हसाठी 1 लिटर पाण्याला निदान 100 ग्रॅम मीठ. (काटेकोरपणे पाहिलं तर हे द्रावण 10 टक्क्यांचं नाही, 9 टक्क्यांच्या जरा वर आहे. पक्कं 10 हवं असेल तर लिटरला 111 ग्रॅम घ्यावं लागतं. जुनी खोड, जात नाही.) वजनकाटा आज चहाच्या डब्याशेजारी मावेल एवढा मिळतो. नसेल तर जुनी युक्ती आहे, ताजं कच्चं अंडं त्या पाण्यात सोडायचं. ते तरंगून वर नाण्याएवढी टकली दिसली तर पाणी साधारण जमलं. ज्यांच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही त्यांनी काटाच घ्यावा.

अ‍ॅडलेडला आम्ही दोन तऱ्हा केल्या. हिरव्या ऑलिव्हना सुरीने उभ्या तीन चिरा द्यायच्या, बियांपर्यंत, आणि साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं. साल मेणचट असते, चिरा दिल्या नाहीत तर आतला कडूपणा बाहेर यायला वाटच नाही. फळं तरंगतात आणि वर आलेली काळी पडतात, म्हणून त्यांच्यावर ताटली उलटी दाबायची. रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवसांत पाणी गढूळ, तपकिरीसर होतं आणि त्याला हिरव्या पाल्याचा वास येतो. रोज सकाळी एक फळ चावून बघायचं. पहिल्यांदा चावलं तेव्हा कारलं परवडलं असं झालं होतं. आठवड्यानंतर कडू कमी होत जातं, कधी आणखी बरेच दिवस लागतात. आपल्याला पटेल एवढं कडू उरलं की मिठाच्या पाण्यात व्हिनेगर घालून त्यात फळं ठेवायची आणि बरणी फ्रीजमध्ये. हे लवकर होतं, पण चवीला जरा पोकळ.

दुसरी तऱ्हा संथ. पिकत आलेली जांभळी फळं अख्खीच 10 टक्क्यांच्या पाण्यात घालायची, वर वजन ठेवून बुडती राखायची, आणि महिनोन्‌महिने विसरायची. पूर्ण विसरायचंही नाही, वर पांढरी साय धरते ती काढावी लागते. काढली नाही तर ती आंबटपणा खाऊन टाकते, आणि तोच तर आपल्याला हवा असतो. मी परत आले तेव्हा ती बरणी तिथेच मुरत होती. मुलीने पुढे कधीतरी उघडली आणि फोन केला, "आई, आता झालेत." म्हणजे लेखातलं दहा दिवसांत तयार हे फक्त चिरलेल्या फळांना, तेही नशिबाने, लागू पडतं. अख्ख्यांना नाही.

लेखिकेने एका ओळीत 'सोडा घातला तर काम झटपट' असंही म्हटलंय. कुठला सोडा? खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा ही तीन वेगळी रसायनं आहेत. ऑलिव्हच्या कारखान्यांत वापरतात तो कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, तोही दीड-दोन ते साडेतीन टक्के, काही तासच, आणि मग धूधू धुवायचं. फळ कापून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकला की जिथवर अल्कली पोचलं तिथवर गर गुलाबी होतो. आमच्या लॅबचा रोजचा खेळ, म्हणून मला फार आवडतो. पण घरात हे करू नये असंच मी सांगेन. कॉस्टिकचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात कॉस्टिक ओतलं तर पातेलं विरघळायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. आणि बाजारात मोरी मोकळी करायला मिळतं ते खाण्याच्या शुद्धतेचं नसतं. पिझ्झ्यावरचे ते काळे गोल चकते कुठून येतात हेही सांगून टाकते. ती बहुतेकदा हिरवीच तोडलेली फळं असतात, अल्कलीत ठेवून, त्यात हवा फुंकून काळी केलेली, आणि रंग पक्का करायला फेरस ग्लुकोनेट घातलेलं असतं. डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, वाचा. काळं दिसतं म्हणून पिकलेलं, असं नाही.

शेवटचा आक्षेप तेलाचा. मीठ कमी ठेवून, लसूण घालून, तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवा, असा लेखातला सल्ला आहे. तेलाने हवा बंद होते, बरोबर. पण बोट्युलिझम नावाच्या जीवघेण्या विषबाधेचा जीवाणू हवा नसलेल्या जागीच वाढतो. 1919 मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कॅन्टन गावी एका मेजवानीत बाटलीबंद ऑलिव्ह खाऊन माणसं दगावली ती याच विषाने. 1985 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला तेलात ठेवलेल्या लसणातून याच विषाने माणसं आजारी पडली. त्या जीवाणूला अडवतात दोन गोष्टी. एक, 10 टक्क्यांच्या आसपासचं मीठ. दोन, आंबटपणा, पीएच 4.6 च्या खाली (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट).

आपल्या आज्या तेलात लोणची बुडवून वर्षभर ठेवत होत्या, त्यांना काही झालं नाही, हे मला आमच्या गच्चीवर तीन जणींनी ऐकवलं. खरंच आहे, कारण त्यांची कैरी स्वतःच आंबट होती आणि त्या मीठ घालताना हात आखडता घेत नव्हत्या. ऑलिव्हचा गर आंबट नसतो. तिथे सगळी भिस्त मिठावर, आणि मुरताना तयार होणाऱ्या आंबटपणावर. भोकराचं बघा. भोकरही आंबट नाही, म्हणून आपल्याकडे भोकराच्या लोणच्यात कैरीचा कीस भरायची रीत आहे. कोणी पीएच मोजून ती बसवली नसेल, पण चोख बसली आहे. आणि ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय (मलाही सांगितलंय), त्यांनी बरणीतलं मीठ कमी करू नये, पानातलं लोणचं कमी करावं. ऑलिव्ह असतील तर खाण्याआधी तासभर साध्या पाण्यात टाकावेत, खारटपणा उतरतो.

टीका करून थांबले तर वाचक म्हणतील, मग आम्ही मुरवायचं काय? हा एप्रिल आहे! खारघरच्या डोंगरावरच्या पाड्यांवरून बायका हिरवी करवंदं आणि भोकरं घेऊन खाली येतात, सकाळी लवकर गेलात तर वाट्यांवर मिळतात. त्यांना झाड पाठ असतं, त्यामुळे ओळखीचा प्रश्नच मिटला. भाव करू नका, काटे त्यांनी खाल्लेत. स्वतः वेचायची हौस असेल तर येऊरला जाऊन नको, ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथून पान-फळ उचलणं कायद्याने गुन्हा ठरतं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेचंही नको, तिथल्या पानावर बोट फिरवून बघा. सोसायटीच्या आवारातल्या आंब्याची वाऱ्याने पडलेली कैरी उत्तम.

लहान, कोय न धरलेल्या कैऱ्या देठासकट घ्या, धुऊन फडक्यावर पूर्ण कोरड्या करा. पाणी आणि मीठ वरच्याच मापाने उकळून, अगदी गार करून, चिनी मातीच्या बरणीत कैऱ्या बुडतील एवढं ओता. वर वाटी पालथी घालून त्यावर धुतलेला दगड, आणि तोंडाला दादरा. कैऱ्या हिरव्याच्या पोपटी, मग शेवाळी होतात आणि सुरकुततात. जून सरत आला की एक काढून बघा. हीच तऱ्हा हिरव्या करवंदांना चालते, आणि पावसाळ्यात आंबाडे आले की त्यांनाही. आंबाड्यांना मात्र ऑलिव्हसारख्या चिरा द्या, आतली कोय रेशाळ असते, पाणी लवकर शिरत नाही. भोकरं या पाण्यात घालू नका. ती बत्त्याने ठेचून, बी मिठात घोळवून काढायची असतात, नाहीतर बलक बोटांना असा चिकटतो की फोन आला तर उचलता येत नाही. त्यांचं लोणचं कैरीसोबतच करा.

आपल्याकडे मागणी एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे खुलासा छापावा. त्यात बिट्टीचं फूल, हिरवं फळ आणि काळं फळ असे तिन्ही फोटो द्यावेत, शेजारी खऱ्या ऑलिव्हची फांदी द्यावी, आणि मिठाचं माप ग्रॅममध्ये लिहावं. लेखिकेवर माझा राग नाही, तिने जिथे हे केलं असेल तिथे ते जमलंही असेल. खुलासा आतल्या पानावर चौकटीत, बारीक टाइपात टाकू नये. खालच्या मजल्यावरच्या सूनबाईने तो वाचला पाहिजे. ती पुरवणी मोबाइलवर वाचते, तेव्हा ई-पेपरमधला मूळ लेखही दुरुस्त करावा, म्हणजे तो जिथे जिथे पुढे पाठवला गेलाय तिथे दुरुस्ती पोचेल.

कळावे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई